तुरटी आम्ल कशी? अन् खायचा सोडा आम्लारी कसा?

संत्राबर्फी
दहावीला आम्ल-आम्लारी शिकवताना एका ठिकाणी गाडी हमखास अडते, म्हणून हा धागा. पहिली व्याख्या सगळ्यांना पाठ असते: पाण्यात हायड्रोजन आयन सोडतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन सोडतं ते आम्लारी. कॉस्टिक सोडा, चुना, टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड, इथवर सगळं नीट बसतं. मग मुलं घरातल्या डब्यांकडे वळतात. खायच्या सोड्यात हायड्रोजन आहे, हायड्रॉक्साइड नाही, तरी तो आम्लारी. धुण्याच्या सोड्यात दोन्ही नाहीत, तरी तो खायच्या सोड्यापेक्षा जहाल. तुरटी म्हणजे पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि सल्फेट. तिच्यात हायड्रोजन नाही, तरी तिचं पाणी निळा लिटमस लाल करतं. अमोनियात हायड्रॉक्साइडचा पत्ता नाही आणि तोही आम्लारी.

सूत्र पाहून ओळखता येईल, पण पाठांतर लागणार नाही, अशी काही रीत आहे का?

सोबत एक व्यवहारातला प्रश्न, कारण कूलर काढायचे दिवस आलेत. टाकीत बसलेला पांढरा थर काढायला काय वापरावं आणि काय अजिबात वापरू नये?

जुनी_शुक्रवारी
सोपं आहे. आंबट ते आम्ल. कडवट आणि हाताला बुळबुळीत ते आम्लारी.

नीरक्षीर
ही खूण लिंबू, चिंच, दह्यापुरती ठीक. मुलांना सांगू नका, कारण पुढची वस्तू टॉयलेट क्लीनर किंवा नाली मोकळी करायचे कॉस्टिकचे दाणे असू शकतात. बुळबुळीतपणा जाणवतो तो आम्लारीने कातडीवरच्या तेलाचा साबण करायला सुरुवात केल्यामुळे. म्हणजे खूण पटेपर्यंत इजा चालू झालेली असते. आणि तुरटी जिभेला आंबटापेक्षा तुरटच जास्त लागते, तिथे ही खूण कामाची नाही.

रसशाळा
संत्राबर्फी ताई, अडचण मुलांची नाही, व्याख्येची आहे. ती स्वीडनचा शास्त्रज्ञ आऱ्हेनियस याची, १८८४ सालच्या प्रबंधातून आलेली. तिच्यात पाण्याकडे फक्त विरघळवणारा द्रव म्हणून पाहिलंय. १९२३ मध्ये डेन्मार्कचा ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचा लाउरी या दोघांनी वेगवेगळं काम करून ती सैल केली: हायड्रोजन आयन, म्हणजे प्रोटॉन, देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. घेणाऱ्याकडे स्वतःचा हायड्रॉक्साइड असायची गरज नाही. तो पाण्याच्या रेणूकडून प्रोटॉन ओढून घेतो आणि मागे जो उरतो तोच हायड्रॉक्साइड. अमोनियाचं कोडं इथेच सुटतं.

धुण्याच्या सोड्यातला कार्बोनेट आयन हेच करतो, आणि चांगल्या जोराने करतो. एक टक्क्याच्या द्रावणाचा सामू (pH: ७ उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी) ११ च्या वर जातो. खायच्या सोड्यात बायकार्बोनेट आहे, म्हणजे एक प्रोटॉन आधीच घेऊन बसलेला कार्बोनेट. त्याला आणखी एक घेता येतो किंवा असलेला देता येतो. घेण्याचा कल थोडा जास्त, म्हणून सामू ८.३ च्या आसपास अडकतो. कॉस्टिकसमोर तोच खायचा सोडा आम्लासारखा वागतो, प्रोटॉन देऊन कार्बोनेट होतो.

राहिला प्रश्न, सूत्रात हायड्रोजन असून तो सुटत का नाही. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक ॲसिडच्या रेणूत चार हायड्रोजन आहेत, सुटतो फक्त एक, ऑक्सिजनला जोडलेला. कार्बनला जोडलेले तीन जागचे हलत नाहीत. आता साखर घ्या. तिच्यात ऑक्सिजनला जोडलेले हायड्रोजन आठ, तरी साखरेचं पाणी आम्ल नाही. कारण प्रोटॉन गेल्यावर मागे उरणारा ऋण भार कुठे राहतो यावर सगळं ठरतं. ॲसेटिक ॲसिडमध्ये तो दोन ऑक्सिजनमध्ये वाटला जातो, म्हणून निभतो. साखरेत तो एकाच ऑक्सिजनवर पडतो आणि निभत नाही. म्हणून मुलांना हायड्रोजन मोजायला लावू नका. "हा गेला तर मागे उरलेल्याचं काय होतं?" हे विचारायला लावा.

वर्धारोड
+१. पण तुरटी राहिली की. द्यायला तिच्याकडे प्रोटॉन आहे कुठे?

संत्राबर्फी
हाच प्रश्न. शेवटच्या बाकावरून नेमका हाच येतो.

नीरक्षीर
आहे. तुरटीच्या खड्याचं पूर्ण सूत्र लिहा, त्यात पाण्याचे बारा रेणू येतात. पुस्तकात ते शेवटी टिंब देऊन लिहिलेले असतात म्हणून कोणी तिकडे बघत नाही. विरघळल्यावर ॲल्युमिनियमच्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू घट्ट बसतात. हा आयन लहान आणि त्यावर तीन धन भार. तो पाण्यातल्या ऑक्सिजनकडचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे त्या पाण्याचा हायड्रोजन सैल पडतो आणि सुटतो. आम्लपणा येतो तो पाण्याच्या हायड्रोजनमुळे, पण सोडवतो ॲल्युमिनियम. सामू ३ ते ३.५ पर्यंत उतरतो.

सोडियमचा आयनही पाण्याने वेढलेला असतोच. पण त्याचा भार एक आणि आकार मोठा, ओढ पुरत नाही. म्हणून मीठ उदासीन.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ बसतो, तेही याच क्रियेचं पुढचं पाऊल. तीन प्रोटॉन गेले की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका होतो आणि मातीचे कण त्याला धरून खाली येतात. हे सुटलेले प्रोटॉन पाण्यातला बायकार्बोनेट पिऊन टाकतो. हिशेब असा: १ ग्रॅम तुरटी सुमारे ०.३२ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) संपवते. विहिरीच्या जड पाण्यात तुरटी छान चालते. पावसाच्या साठवलेल्या पाण्यात मात्र पाणी आम्ल होतं आणि साकाही नीट धरत नाही, त्याचं कारण हेच.

शेवंती
नीरक्षीर, हे टिंबानंतरच्या पाण्याचं फार आवडलं.

क्षारांसाठी एक रीत: क्षार कोणत्या आम्लापासून आणि कोणत्या आम्लारीपासून झाला ते पाहा. दोघांत जो जोरकस, त्याचा गुण क्षारात उतरतो. धुण्याचा सोडा = कॉस्टिक (जोरकस) + कार्बोनिक ॲसिड (दुबळं), म्हणून आम्लारी. कल्हईवाल्यांचा नवसागर = अमोनिया (दुबळा) + हायड्रोक्लोरिक (जोरकस), म्हणून थोडा आम्ल. मीठ दोन्ही बाजूंनी जोरकस, म्हणून उदासीन. रसशाळांचं "मागे उरलेल्याचं काय होतं" हे विचारलं की उत्तर हेच येतं, फक्त ही रीत परीक्षेत लवकर आठवते.

जुनी_शुक्रवारी
बरं, चव नको तर घरच्या घरी तपासायचं कसं? शाळेत लिटमस मिळतो, घरी नाही.

शेवंती
हळद आणि जास्वंद. दोन्ही लागतात, एकाने भागत नाही.

हळदीचा कागद: अर्धी वाटी सॅनिटायझर किंवा सर्जिकल स्पिरिट, त्यात एक चमचा हळद, दहा मिनिटं ठेवून वरचं निवळ घ्या. गॅस बंद, देवघरातला दिवा दूर, कारण स्पिरिट पेटतं. पाण्यात करू नका. हळदीतलं रंगद्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात फारसं विरघळत नाही आणि कागदावर नुसते कण बसतात. शाईचोष्या कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. हळद साधारण ७.४ पर्यंत पिवळी राहते आणि ८.६ च्या वर तांबूस-तपकिरी होते. धुण्याच्या सोड्याचा थेंब पडताच डाग लालभडक दिसेल. खायच्या सोड्याचा डाग फिकट, कारण तो मधल्या पट्ट्यात येतो. हाच फरक मुलांना डोळ्यांनी दाखवता येतो. आम्ल मात्र हळदीला ओळखू येत नाही, ती पिवळीच राहते.

जास्वंदीचं पाणी: देशी लाल एकेरी जास्वंदीची दोन-तीन फुलं, फक्त पाकळ्या, १०० मिली कडकडीत गरम पाण्यात दहा मिनिटं, मग गाळून घ्या. भांडं काचेचं किंवा स्टीलचं, ॲल्युमिनियमचं नको. एका वाटीत ५ मिली पाणी आणि त्यात तपासायच्या वस्तूचे थोडे थेंब. आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवं. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, मग तपकिरी पडतं.

काय चुकतं: ब्लीच टाकलं की दोन्हींचा रंग क्षणभर बदलतो आणि मग उडूनच जातो. तो सामूचा परिणाम नव्हे, ब्लीच रंगच मोडतं. आणि टॉयलेट क्लीनर स्वतःच निळा असतो, म्हणून एक थेंब चमचाभर पाण्यात पातळ करून मगच तपासा. हातमोजे घालून, मोठ्यांनी.

वर्धारोड
हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि लिंबाने परत पिवळा, तेही यातच आलं. डाग मात्र दोन्हींनी जात नाही. कपडा ओला करून उन्हात टाका, नागपूरचं ऊन ते काम चोख करतं.

रसशाळा
सामू हा आकडा लॉगरिदमचा आहे, हे मुलांच्या मनावर ठसवा. सोरेनसनने तो १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडला. एक घर खाली गेलं की प्रोटॉन दहापट. ५ आणि ३ मध्ये शंभरपट.

त्याहून महत्त्वाचं: सामू म्हणजे आत्ता मोकळे किती, साठ्यात किती ते नव्हे. ५ टक्क्यांच्या व्हिनेगरचा सामू २.४ च्या आसपास. म्हणजे लिटरमागे ०.००४ मोल प्रोटॉन मोकळे. पण ॲसेटिक ॲसिड लिटरला ०.८३ मोल आहे, बहुतेक न सुटलेलं. सोडा टाकत गेलात की मोकळे संपतात आणि साठ्यातून नवे सुटतात. तोच सामू असलेलं पातळ हायड्रोक्लोरिक घेतलं तर त्याच्याकडे एवढेच ०.००४. म्हणजे व्हिनेगर त्याच्या सुमारे २०० पट सोडा पचवतं. "दुबळं आम्ल" याचा अर्थ "कमी काम करणारं" असा नाही. कूलरचा थर काढताना हे उपयोगी पडतं.

खसताटी
मग कूलरवरच येऊ. थर कशाचा हे आधी पाहा. बोअरच्या पाण्यात, विशेषतः आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं बायकार्बोनेट बरंच असतं. कूलर पाणी उडवत राहतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे बसतं. म्हणून पहिला उपाय आम्ल नव्हेच. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा, नुसती वरून भरत राहू नका. त्याने थर कमी बसतो आणि डासही होत नाहीत.

बसलेला थर काढायला किराणा दुकानात लिंबूसत म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड. ५० ग्रॅम, एक लिटर कोमट पाण्यात. आधी प्लग काढा, टाकी रिकामी करा, सुटेल तेवढा थर लाकडी पट्टीने खरवडून घ्या. खरवडलेल्या प्रत्येक ग्रॅममागे तेवढं आम्ल वाचतं. मग फडका भिजवून थरावर दाबून ठेवा, १५-२० मिनिटं. बुडबुडे येतात तोवर काम चालू. कागदावरच्या हिशेबाने एवढ्या द्रावणात ३५ ग्रॅम थर जायला हवा, प्रत्यक्षात कमी जातो. बुडबुडे थांबून तळाला पांढरी भुकटी बसली म्हणजे ते कॅल्शियम सायट्रेट, द्रावण संपलं. ते गरम करून पुन्हा वापरू नका, गरम केल्याने भुकटी आणखी बसते. शेवटी लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून पुसून घ्या, मग साध्या पाण्याने.

पंपाचा फक्त खालचा जाळीचा भाग बुडवा, वायर आणि मोटरचा जोड कोरडा ठेवा. वूडवूलवर (जाळ्यांतल्या लाकडाच्या तंतूंवर) आम्लाचे प्रयोग नकोत. थर धरलेलं वूडवूल बदलायचंच असतं.

कडकऊन
एवढं कोण करते भाऊ? टॉयलेट क्लीनर टाका, दोन मिनिटात साफ.

खसताटी
भाऊ, टाकी पत्र्याची असन तर नका टाकू. त्यात साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक असते. थर खाऊन झाला की ते पत्र्यावरचं जस्त खाते. बुडबुडे तेव्हाही येतात, पण ते हायड्रोजनचे. साफ होत आहे असं वाटते आणि पुढच्या मोसमात टाकी गंजून गळते. सायट्रिकही जस्ताला लागतंच, फक्त हळू, म्हणून पत्र्याला २० मिनिटांच्या वर नाही. प्लास्टिकच्या टाकीत तासभर ठेवलं तरी चालते.

जुनी_शुक्रवारी
आणि ते धुतलेलं पाणी अंगणातल्या शहाबादी किंवा कोटा फरशीवर सोडू नका. दोन्ही चुनखडक, म्हणजे कूलरच्या थराचाच भाऊबंद. तकाकी जाते ती परत येत नाही. लिंबू, व्हिनेगरसुद्धा नको. संगमरवरी ओट्याचं तेच. ग्रॅनाइटला एवढी भीती नाही.

नीरक्षीर
टॉयलेट क्लीनरचा विषय निघालाच आहे तर: त्यावर ब्लीच कधीही ओतू नका. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ते आम्लारी असतं तोवरच टिकून राहतं. आम्ल मिळालं की त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात हे प्राणावर बेतू शकतं. "एकाने नाही गेलं, दुसरं टाकून बघू" याच विचाराने हे घडतं. वास आला तर लगेच बाहेर पडा, दार उघडं ठेवा. निस्तरायला तिसरं काही ओतू नका. ब्लीच आणि अमोनियावालं काच-क्लीनर एकत्र आलं तरी विषारी वायू होतो.

अंगावर आम्ल किंवा कॉस्टिक उडालं तर वाहतं पाणी, किमान १५-२० मिनिटं. आम्लावर सोडा आणि कॉस्टिकवर लिंबू चोळू नका, उदासिनीकरणात उष्णता निघते आणि वेळही जातो. डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच डॉक्टरकडे.

शेवंती
याच्या अगदी उलट, निरुपद्रवी पण निरुपयोगी मिश्रण म्हणजे सोडा + व्हिनेगर. दोघांनी एकमेकांना संपवलं की उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. चमचाभर, ५ ग्रॅम सोडा ७० मिली व्हिनेगर गिळतो. फेस येतो म्हणून काम होतंय असं वाटतं. थरावर व्हिनेगर लावा, तेलकटावर सोडा लावा, पण वेगवेगळे.

झणझणीत
स्वयंपाकातलं कोणीच लिहिलं नाही! तर्रीसाठी हरभरे भिजवताना २०० ग्रॅमला पाव चमचा खायचा सोडा पुरतो. सालातलं पेक्टिन (पेशींना धरून ठेवणारा चिकट पदार्थ) आम्लारीत लवकर मोडतं, म्हणून हरभरा मऊ होतो. जास्त घातला तर साबणासारखी चव येते, सालं सुटतात आणि ब-१ जीवनसत्त्व जातं. भिजवलेलं पाणी फेकून हरभरे धुवा. आणि चिंच, टोमॅटो शिजल्यानंतरच. आम्लात पेक्टिन मोडत नाही, वरण-हरभरा आधी आंबट केला की शिट्ट्या वाढवूनही टचटचीत राहतो.

कडकऊन
आता मूळ मुद्दा: संत्रं आम्ल की अल्कधर्मी? व्हॉट्सॲपवर तर लिंबू-संत्र्याने रक्त अल्कधर्मी होते म्हणतात.

नीरक्षीर
संत्रानगरीत हा प्रश्न येणारच होता :) संत्र्याचा रस आम्लच, सायट्रिक ॲसिड साधारण १ टक्क्याच्या आत. लिंबात ५ ते ७ टक्के. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो सांभाळतात, फळाने हलत नाही. लघवीचा मात्र बदलतो. सायट्रिक ॲसिड पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, त्याचा हिशेब शून्य. पण रसात पोटॅशियम सायट्रेटही असतं, ते जळल्यावर बायकार्बोनेट उरतं. हा भाग लिंबापेक्षा संत्र्यात जास्त, म्हणून लघवीचा सामू वाढवण्यात संत्रं पुढे.

दातांवरचं काम मात्र रस तोंडात असतानाच होतं. ५.५ च्या खाली एनॅमल विरघळू लागतं. संत्रं खाल्ल्यावर चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका.

काळीमाती
अवांतर, पण संत्र्याच्याच झाडाचं. चुनखडीच्या जमिनीत सामू ८ च्या वर गेला की जमिनीत लोह असून झाडाला मिळत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. "जमीन आंबट करतो" म्हणून गंधक टाकायच्या आधी रसशाळांचा साठ्याचा हिशेब करा. हेक्टरी १५ सेंटिमीटरचा थर सुमारे २००० टन. त्यात चुनखडी १ टक्का जरी असली तरी २० टन. ती संपवायला ६.४ टन गंधक. एवढं कोणी टाकत नाही, टाकूही नये. आळ्यापुरतं गंधक शेणखतासोबत द्यावं आणि पिवळेपणासाठी चिलेटमधलं लोह (चिलेट म्हणजे लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग). ८ च्या वर चिलेट ईडीडीएचएचं हवं, साधं ईडीटीए तिथे लोह धरून ठेवत नाही.

संत्राबर्फी
सगळ्यांचे आभार. कूलरचा हिशेब आणि टिंबानंतरचं पाणी, दोन्ही फळ्यावर जाणार. एक शेवटचं विचारते: साबण? त्यातही हायड्रॉक्साइड नाही, तरी हळदीचा कागद लाल होतो.

रसशाळा
शेवंतींच्या रीतीने पाहा. साबण = कॉस्टिक (जोरकस) + तेलातलं मेदाम्ल (दुबळं), म्हणून आम्लारी, सामू ९ ते १०. मेदाम्लाचा आयन पाण्याकडून प्रोटॉन घेतो.

वर्गात दाखवायला सोपं आहे. कपडे धुण्याचा साबण किसून चमचाभर घ्या, ग्लासभर कोमट पाण्यात विरघळवा, वर फेस येऊ द्या आणि एक अख्खं लिंबू पिळा. फेस मोडतो, पाणी दुधट होतं आणि थोड्या वेळाने वर मेणासारखे पांढरे कण तरंगतात. ते परत मिळालेलं मेदाम्ल. शेजारच्या ग्लासात भांडी घासायचं लिक्विड घेऊन तेच करा. तिथे फेस टिकतो, कारण त्यातलं सल्फोनेट जोरकस आम्लापासून बनलेलं असतं आणि लिंबाने दिलेला प्रोटॉन ते घेत नाही. साबण मात्र खरा साबणच घ्या. डिटर्जंटची वडी आणली तर दोन्ही ग्लास सारखेच दिसतील.